विश्लेषण : हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला का? नॉर्मन लॉकियर, काचेचे लोलक आणि एक पिवळी रेषा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर काही चौथरे आहेत. त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो आणि त्या सुमारास मोबाइलवर एक गोष्ट हमखास फिरते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बीण रोवली आणि सूर्यावर हेलियम शोधला, अशी ती गोष्ट. यातला माणूस खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरे. पण त्यांची सांगड चुकली आहे. लॉकियर १८६८ मध्ये भारतात नव्हते. विजयदुर्गावर ते आले जवळपास तीस वर्षांनी, जानेवारी १८९८ मध्ये, दुसऱ्याच एका ग्रहणासाठी. मग त्यांनी हेलियम शोधला कुठे आणि कसा? त्याचे उत्तर किल्ल्यात नाही. ते काचेच्या तिकोनी तुकड्यात आहे.

कोण होते लॉकियर?

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावी झाला. वडील वैद्यकी करत आणि त्यांना विज्ञानाची आवड होती. मुलाच्या वाट्याला विद्यापीठाची पदवी आली नाही. काही काळ स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये भाषा शिकून तो परतला आणि १८५७ मध्ये लंडनच्या युद्ध खात्यात कारकून म्हणून चिकटला. म्हणजे ज्यांच्या नावाने आपल्याकडे वैज्ञानिक दिन साजरा होतो, ते त्या शोधाच्या वेळी पेशाने सरकारी कारकून होते. दिवसा कचेरीत फायली, लष्करी नियमांच्या पुस्तकांचे संपादन, आणि फावल्या वेळात आकाश.

त्यांनी सव्वासहा इंचांची दुर्बीण मिळवली. तिच्यातून १८६२ मध्ये मंगळाची काळजीपूर्वक रेखाटने केली. पत्नी विनिफ्रेड फ्रेंच विज्ञानग्रंथांची इंग्रजी भाषांतरे करत असत. घरात पैसा बेताचा, पण लिहिण्या-वाचण्याचा उद्योग मोठा. याच काळात जर्मनीतून एक नवी विद्या इंग्लंडात पोहोचली होती. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून सोडला की तारा कशाचा बनला आहे हे कळते, अशी ती विद्या. लॉकियर यांनी दुर्बिणीच्या मागे लोलक जोडला आणि पुढची पन्नास वर्षे तो कधी सोडला नाही.

लोलक प्रकाश का वळवतो?

डांबरी रस्त्यावरून तिरकी चाललेली बैलगाडी शेजारच्या चिखलात उतरते तेव्हा एक चाक आधी चिखलात जाते. ते मंदावते, दुसरे अजून वेगात असते आणि गाडी वळते. गाडी सरळ समोरून चिखलात शिरली तर दोन्ही चाके एकदम मंदावतात; वेग कमी होतो, दिशा बदलत नाही. प्रकाशाचे असेच आहे. काचेत त्याचा वेग कमी होतो आणि तो तिरका शिरला तर वळतो. निर्वातातला वेग काचेतल्या वेगापेक्षा किती पट आहे, तो आकडा म्हणजे त्या काचेचा अपवर्तनांक. साध्या क्राउन काचेचा तो सुमारे १.५२ असतो.

खिडकीच्या काचेच्या दोन्ही बाजू समांतर असतात. शिरताना प्रकाश जितका वळतो तितकाच बाहेर पडताना उलटा वळतो आणि हिशेब शून्यावर येतो. लोलकाच्या बाजू एकमेकींशी तिरप्या असतात, त्यामुळे दोन्ही वेळचे वळण एकाच दिशेने, लोलकाच्या पायाकडे होते आणि बेरीज होते. शिवाय काचेत सगळे रंग सारखेच मंदावत नाहीत. जांभळा सर्वांत जास्त, तांबडा सर्वांत कमी. म्हणून पांढरा प्रकाश रंगांत फाकतो. शाळेत याला अपस्करण म्हणतात.

हा आकडा मोजायचा कसा? विज्ञान शाखेतून गेलेल्यांना अंधाऱ्या खोलीतला सोडियमचा पिवळा दिवा आणि स्पेक्ट्रोमीटर आठवत असेल. लोलक हळूहळू फिरवत जायचे. दुर्बिणीत दिसणारी रेषा एका दिशेने सरकत जाते, एका जागी थबकते आणि लोलक त्याच दिशेने फिरत असूनही मागे वळते. ती थबकण्याची जागा म्हणजे किमान विचलन कोन. त्या वेळी प्रकाश लोलकात अगदी समतोल, दोन्ही बाजूंशी सारखा कोन करून जात असतो. आता लोलकाचा कोन आणि हा किमान विचलन कोन यांची बेरीज करून निम्मी करायची, तिच्या साइनला लोलकाच्या निम्म्या कोनाच्या साइनने भागायचे. ६० अंशांच्या लोलकात किमान विचलन ३८.७ अंश आले, तर निम्मी बेरीज ४९.३५ अंश, तिची साइन ०.७५८७. ३० अंशांची साइन ०.५. भागाकार १.५१७. झाला अपवर्तनांक.

हा प्रयोग परीक्षेपुरता नाही. अंबरनाथच्या मोरिवली औद्योगिक वसाहतीसारख्या रसायनपट्ट्यात द्रवपदार्थाची शुद्धता पाहण्याची ही जुनी आणि झटपट रीत आहे. रिफ्रॅक्टोमीटरच्या लोलकावर दोन थेंब टाकायचे आणि आकडा वाचायचा. २० अंश सेल्सियसला पाणी १.३३३, ग्लिसरीन १.४७३, टोल्युइन १.४९७. आकडा हलला की मालात काही मिसळले आहे. नाशिकचे द्राक्ष बागायतदार मण्याचा रस पिळून गोडी पाहतात ते ब्रिक्समापकही हेच करते. साखर वाढली की रसाचा अपवर्तनांक वाढतो.

प्रयोगशाळेच्या दाखल्यावर हा आकडा लिहिताना इंग्रजी ‘एन’ अक्षराच्या पायाशी एक बारीक ‘डी’ लिहितात. या ‘डी’कडे सहसा कुणी लक्ष देत नाही. लॉकियर यांची सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

‘डी’ म्हणजे काय?

अपवर्तनांक रंगागणिक बदलतो, तेव्हा तो कोणत्या रंगासाठी मोजला हे सांगावेच लागते. पण रंग सांगायचा कसा? पिवळा म्हटले तर नेमका कोणता पिवळा? बव्हेरियातला काच-कारागीर योसेफ फ्राउनहोफर याला हीच अडचण आली. चांगल्या दुर्बिणींसाठी त्याला काचेचे अपवर्तनांक अचूक हवे होते. १८१४ च्या सुमारास त्याने सूर्यप्रकाश लोलकातून सोडून, कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून पाहिला. रंगांच्या पट्ट्यात शेकडो बारीक काळ्या रेषा होत्या. त्या नेहमी त्याच जागी असत. फ्राउनहोफरला मोजपट्टीवरच्या खुणाच सापडल्या. ठळक रेषांना त्याने ए, बी, सी अशी अक्षरे दिली. पिवळ्या भागातली जोडरेषा झाली ‘डी’.

त्या रेषा मुळात का आहेत, याचे उत्तर १८५९-६० मध्ये हायडेलबर्गच्या किर्कहॉफ आणि बुन्सेन यांनी दिले. प्रत्येक मूलद्रव्याचा वायू तापला की स्वतःच्या ठरावीक रेषांतच उजळतो आणि मागून पांढरा प्रकाश आला तर नेमके तेच रंग गिळतो. डी रेषा सोडियमची, म्हणजे आपल्या मिठातल्याच धातूची. काच मोजायला शोधलेल्या खुणा आता ताऱ्यांचे रसायनशास्त्र सांगू लागल्या.

१८६८ मध्ये भारतात काय घडले?

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची खग्रास पट्टी दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराकडे गेली. या विद्येच्या जन्मानंतर इतके सोयीचे आणि लांबलचक ग्रहण प्रथमच मिळत होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल हे लष्करी अभियंते स्पेक्ट्रोस्कोप घेऊन बसले होते. शनीपलीकडचा युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. कॅप्टन हेग विजापूरला, मेजर टेनंट गुंटूरला, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणमला. गुंटूरलाच फ्रान्सचे पिएर जान्सेनही होते.

चंद्राने सूर्य झाकला की कडेला तांबड्या ज्वाळा दिसतात. त्या सूर्याच्या की चंद्राच्या, घन की वायू, यावर वाद होता. त्या दिवशी वाद मिटला. ज्वाळांच्या प्रकाशात रंगांचा सलग पट्टा नव्हता, सुट्या तेजस्वी रेषा होत्या. म्हणजे तो तापलेला वायू होता, आणि तांबडी व निळी रेषा हायड्रोजनची होती. पिवळ्या भागातही एक रेषा होती. बहुतेकांनी ती सोडियमची डी रेषा असावी असे धरले. ग्रहणाच्या मोजक्या मिनिटांत, धावपळीत, तेवढेच शक्य होते.

जान्सेन यांना मात्र त्या रेषांचा झगझगीतपणा पाहून वाटले की या ग्रहणाशिवायही दिसाव्यात. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, सूर्य नेहमीसारखा तळपत असताना त्यांनी त्या गुंटूरहून पाहिल्या. पुढचे काही दिवस ते रोज पाहत राहिले आणि मगच त्यांनी पॅरिसला पत्र धाडले.

लॉकियर तेव्हा काय करत होते?

इंग्लंडमध्ये उपकरणाची वाट पाहत होते. ग्रहणाशिवाय सौरज्वाळा पाहता येतील, ही कल्पना त्यांनी १८६६ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. तिच्यामागचा तर्क सोपा आणि देखणा आहे. ज्वाळा एरवी दिसत नाहीत त्या अंधूक असतात म्हणून नव्हे, तर सूर्याजवळच्या आकाशाच्या लखलखाटात बुडतात म्हणून. आता हा सगळा प्रकाश एकामागून एक अनेक लोलकांतून जाऊ द्या. आकाशाचा उजेड सगळ्या रंगांचा असतो. तो दर लोलकागणिक जास्त पसरतो, म्हणून फिका पडतो. ज्वाळेचा प्रकाश मोजक्या रंगांचाच असतो. तो पसरणार कुठे? रेषा एकमेकींपासून लांब जातील, पण प्रत्येक रेषा जवळपास तितकीच तेजस्वी राहील. लोलक पुरेसे असले की पार्श्वभूमी विझते आणि रेषा उठून दिसते.

तर्क होता, पैसा नव्हता. अनुदान मिळाले, पण कारागिराच्या दिरंगाईत महिने गेले. आपल्याकडे सरकारी खरेदीत जे होते ते तेव्हाच्या लंडनमध्येही होत असे, एवढाच त्यातून दिलासा. शेवटी जॉन ब्राउनिंग या उपकरणकर्त्याकडून सात लोलकांचा स्पेक्ट्रोस्कोप १६ ऑक्टोबर १८६८ रोजी हाती आला, तोही पुरता तयार नव्हता. चार दिवसांनी, २० ऑक्टोबरला, लॉकियर यांनी तो सूर्याच्या कडेवर रोखला आणि रेषा दिसल्या. त्या वेळी आकाशात ग्रहण नव्हते आणि निरीक्षक भारतापासून हजारो किलोमीटर दूर होता.

गुंटूरहून निघालेले जान्सेन यांचे पत्र आणि लॉकियर यांच्या शोधाची वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबर १८६८ ला, पोहोचली. कोण पहिला हा वाद अकादमीने टाळला. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचेही मुखवटे कोरलेले एक पदक काढले. दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत.

पिवळी रेषा सोडियमची नाही, हे कसे कळले?

शोधाचे मर्म इथे आहे. रेषा दिसणे ही एक गोष्ट, आणि ती नेमकी कुठे आहे हे सांगणे दुसरी. सोडियमच्या दोन डी रेषांची तरंगलांबी ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटर आहे. सूर्याच्या ज्वाळेतली पिवळी रेषा आहे ५८७.६ वर. म्हणजे जवळच्या रेषेपासून १.४ नॅनोमीटरचे अंतर.

हा फरक काचेच्या भाषेत मांडला तर त्याचा बारीकपणा कळतो. चांगल्या क्राउन काचेचा अपवर्तनांक डी रेषांसाठी सुमारे १.५१६७३ आणि या पिवळ्या रेषेसाठी १.५१६८० असतो. फरक ०.००००७. एका ६० अंशी लोलकातून गेल्यावर दोन्ही किरणांच्या वळणात जेमतेम २२ विकलांचे अंतर पडते. पूर्ण चंद्राच्या व्यासाचा हा साधारण ऐंशीवा भाग. बारावीच्या मुलांनी टाचण्या लावून केलेल्या प्रयोगात विचलन कोन एका अंशाने चुकला तर अपवर्तनांक ०.०११ ने चुकतो. लॉकियर यांना लागणारी बारकाई त्याच्या दीडशेपटीहून अधिक होती.

सात लोलकांनी हे अंतर वाढवले. पण खरी मदत सूर्यानेच केली. ज्वाळेची तेजस्वी रेषा जिथे दिसत होती त्याच नजरेच्या टप्प्यात सूर्यप्रकाशातल्या काळ्या डी रेषाही होत्या. त्यामुळे कोन शून्यापासून मोजायची गरजच उरली नाही; शेजारची खूण पाहायची आणि अंतर सांगायचे. पिवळी रेषा डीच्या बाजूला, थोडी हिरव्याकडे सरकलेली होती. ती डीवर बसत नव्हती, हे नक्की. डी१ आणि डी२ होत्याच, म्हणून हिला डी३ म्हणू लागले. ग्रहणात काही मिनिटांसाठी पाहणाऱ्यांना ही चैन नव्हती. लॉकियर यांना रोज, सूर्य दिसेल तेव्हा, पुन्हा पुन्हा पाहता आले. म्हणूनच जान्सेन यांनी ज्वाळा आधी पाहिल्या असल्या, तरी नव्या मूलद्रव्याचे श्रेय प्रामुख्याने लॉकियर यांच्याकडे जाते, आणि माझ्या मते ते रास्त आहे.

मग ही रेषा कशाची? रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत लॉकियर यांनी हायड्रोजनवर प्रयोग केले. वेगवेगळ्या दाबाला, तापमानाला ती रेषा उमटते का हे पाहिले. उमटली नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थात ती नव्हती. हेलिओस या सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पुढे आले. ज्याचा कणही कुणी हाताळला नाही अशा पदार्थाला नाव द्यायचे धाडस रसायनशास्त्रज्ञांना पटले नाही. पुढची सव्वीस वर्षे हेलियम हा अनेकांच्या लेखी लॉकियर यांचा एक लाडका तर्क राहिला.

शंका मिटली कधी?

मार्च १८९५ मध्ये. लंडनमध्ये विल्यम रॅम्से यांनी युरेनियम असलेल्या क्लेव्हाइट या खनिजातून एक वायू काढला. ते शोधत होते आरगॉन. वर्णपटात अनपेक्षित पिवळी रेषा दिसली. विल्यम क्रूक्स यांनी तिची जागा मोजली आणि ती डी३च निघाली. नमुना लॉकियर यांच्याकडेही आला. सूर्यावर पाहिलेली रेषा त्यांना प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत दिसली, तेव्हा त्यांचे वय ५८ होते.

पण बारकाईने पुन्हा एक खोडा घातला. जर्मनीत रुंगे आणि पाशेन यांना खनिजातल्या वायूची पिवळी रेषा एक नसून अगदी चिकटून असलेल्या दोन रेषा आहेत असे आढळले. सूर्यावरची तर एकेरी समजली जात होती. मग हा वायू वेगळा की काय? खगोलशास्त्रज्ञ पुन्हा सूर्याकडे वळले आणि त्याच उन्हाळ्यात सूर्यावरची डी३ही दुहेरी असल्याचे दिसून आले. आता कुठे हेलियम पक्का झाला.

पुण्यातून लॉकियर यांना कुणी खोटे ठरवले?

लॉकियर यांचे सगळेच अंदाज बरोबर आले असे नाही. उलट हेलियमच्या बाबतीत एकटे पडून शेवटी जिंकलेल्या या माणसाला आपल्या इतर कल्पनाही अशाच जिंकतील असे वाटत राहिले. अतिउष्ण ताऱ्यांत मूलद्रव्येच फुटून सोप्या घटकांत विभागतात, सगळे तारे उल्कांच्या थव्यांतून घडतात, असे सिद्धांत त्यांनी हिरिरीने मांडले. तेजोमेघांच्या वर्णपटातली एक ठळक हिरवी रेषा म्हणजे उल्कांतल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला तुकडा आहे, हा त्यातलाच एक दावा. विल्यम हगिन्स यांच्याशी त्यावरून त्यांचा कडाक्याचा वाद झाला.

या वादात एक साक्ष पुण्यातून गेली. कावसजी दादाभाई नायगामवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तिथेच शिकवू लागले. भावनगरच्या महाराजांनी दिलेली देणगी आणि तितकीच सरकारी रक्कम यांतून त्यांनी वेधशाळा उभी केली. उपकरणे घ्यायला १८८४ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा सल्ला देणाऱ्यांत लॉकियरही होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. नायगामवाला यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. ती हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची असती तर तिची एक कड पुसट व्हायला हवी होती. त्यांना ती दर वेळी बारीक आणि रेखीवच दिसली. १८९१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, म्हणजे ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्यांच्याच मताविरुद्ध. रेषेचे कोडे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती.

नायगामवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात आज हे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न विचारलेला बरा.

मग लॉकियर विजयदुर्गावर का आले?

भारतात ते पहिल्यांदा आले १८७१ मध्ये. त्या वर्षीच्या १२ डिसेंबरच्या ग्रहणासाठी त्यांचा मुक्काम केरळातल्या बेकल किल्ल्यावर होता. तोही समुद्रकाठचा किल्ला. दरम्यान १८६९ मध्ये त्यांनी ‘नेचर’ हे नियतकालिक सुरू केले होते. ते अनेक वर्षे तोट्यात चालले, तरी लॉकियर पन्नास वर्षे त्याचे संपादक राहिले. जगभरच्या वैज्ञानिकांना आज आपला निबंध जिथे छापून यावा असे वाटते ते ‘नेचर’ हेच.

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाची पट्टी विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागून आजच्या महाराष्ट्रातून तिरकी विदर्भात गेली. दिवस वाईट होते. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. आदल्या जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. एक योगायोग इथे नोंदवण्यासारखा आहे. टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ मध्ये आला, लॉकियर यांचा ‘डॉन ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’ १८९४ मध्ये. एकाने वेदांतल्या नक्षत्रांवरून, दुसऱ्याने इजिप्तच्या देवळांच्या दिशांवरून प्राचीन काळ मोजायचा प्रयत्न केला होता. लॉकियर कोकणात उतरले तेव्हा टिळक कोठडीत होते.

अशा दिवसांतही महाराष्ट्रात ग्रहणासाठी छावण्या पडल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला नायगामवाला होते आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही होते. विदर्भात पुलगाव आणि तळणीला इंग्रज मंडळी. लॉकियर यांनी विजयदुर्ग निवडला. सोबत मुलगा विल्यम आणि सहकारी आल्फ्रेड फाउलर होते. एचएमएस मेलपोमेनी या युद्धनौकेच्या खलाशांनी छावणी उभारायला आणि उपकरणे चालवायला मदत केली. आदल्याच वर्षी लॉकियर यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता.

त्यांचे मुख्य शस्त्र होते लोलक जोडलेला कॅमेरा. एरवी स्पेक्ट्रोस्कोपमध्ये प्रकाश आधी एका बारीक फटीतून घ्यावा लागतो, नाहीतर रंग एकमेकांत मिसळतात. ग्रहणात सूर्याची उरलेली कोर इतकी बारीक होते की तीच फटीचे काम करते. भिंगासमोर लोलक ठेवला की छायाचित्रावर सरळ रेषांऐवजी कंसांची आणि वलयांची रांग उमटते. प्रत्येक वलय एका रंगाचे, एका मूलद्रव्याचे. हायड्रोजनचे वलय, कॅल्शियमचे वलय आणि तोवर पृथ्वीवरही सापडलेल्या हेलियमचेही. आकाश स्वच्छ होते. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटे टिकली.

गल्लत झाली कशी?

दोन्ही ग्रहणे दख्खनवरून गेली, दोन्ही वर्षांच्या शेवटी ‘अडुसष्ट’ आणि ‘अठ्ठ्याण्णव’ असे कानाला जवळचे आकडे, माणूस तोच आणि किल्ल्यावर ओटे आजही उभे. एवढे पुरेसे आहे. १८९८ च्या छावणीत जड उपकरणे होती, त्यांना हलणार नाही असा पाया लागतो. तेव्हा ‘साहेबाचे ओटे’ हे त्या छावणीशी जोडणेच सयुक्तिक ठरते. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे घटत नाही. हेलियमचा शोध लावणारा माणूस, तो शोध सर्वमान्य झाल्यानंतर लगेच, लोलक घेऊन या किल्ल्यावर आला होता, हे सांगायला काय कमी आहे? आणि १८ ऑगस्ट १८६८ साठी अभिमान बाळगायचाच असेल तर जमखंडी, विजापूर आणि गुंटूर ही नावे तयार आहेत.

लॉकियर यांनी नंतर इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिडमथ इथे टेकडीवर नवी वेधशाळा काढली. १६ ऑगस्ट १९२० रोजी तिथेच, ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेधशाळा त्यांच्या नावाने आजही आहे.

रसायनांच्या दाखल्यावरचा ‘डी’ अजून सोडियमचाच आहे. पण कॅमेऱ्याची, दुर्बिणीची काच बनवणारे कारखाने मोठ्या लिपीतला ‘डी’ वापरत नाहीत. सोडियमची रेषा दुहेरी असल्याने अचूक मापाला ती जरा गैरसोयीची. त्यांच्या तक्त्यांत ‘एन’च्या पायाशी छोट्या लिपीतला ‘डी’ असतो आणि तो ५८७.५६ नॅनोमीटरसाठी असतो. ही हेलियमची तीच पिवळी रेषा. नव्या काचेचा लोलक घासून त्याचा अपवर्तनांक ठरवायचा तर आता हेलियमचा दिवा लावतात.